नानाय उर्बानाचं दफन, चौदा मिनिटं

मानोंग बाल्डो डुकराची तळलेली कातडी व्हिनेगरात बुडवून खायचा आणि त्याच बोटांनी माझा माउस धरायचा. नऊ वर्षं मी त्याच्या व्हिडिओ-स्टुडिओत लोकांची लग्नं, बारशी आणि मयती जोडून दिल्या, आणि नऊ वर्षं रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं तो माउस पुसला. मानोंग म्हणजे थोरला भाऊ, जशी मानांग म्हणजे थोरली बहीण. मी तसं म्हणायचे ते पगारापुरतं. पोट सोडलं तर त्याच्यात थोरलं असं काही नव्हतं.

कॉम्प्युटरचीही त्यानं तीच गत केली होती. आमच्या पोतोतान गावातला प्रत्येक कोंबडेबाज झुंजीच्या फाइली घेऊन त्याच्याकडे यायचा. एखादी उघडली नाही की बाल्डो नेटवरून कोडेकचा एक फुकटचा गठ्ठा उतरवून टाकायचा. कोडेक म्हणजे फाइलमधलं चित्र उलगडून दाखवणारा छोटासा प्रोग्राम. एका जातीच्या फाइलीला एक पुरतो. आमच्या मशीनवर एकेका जातीला चार-चार, पाच-पाच होते, कुठून आले, कुणी बनवले, कशाचा पत्ता नाही. त्याच मशीनवर मी लोकांच्या आया पुरत होते.

सप्टेंबरात नानाय उर्बाना वारली; नानाय म्हणजे आई, सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. तिची मुलगी नेरिसा जेद्दामध्ये एका घरी कामाला होती. मालकिणीनं सुट्टी दिली नाही, पासपोर्टही हातात दिला नाही. म्हणून तिनं स्टुडिओत फोन केला.

"मानांग ल्योनी, सगळं शूटिंग करायला सांगा. पण मला नानायचा चेहरा नको, तो मला पाठ आहे. मला माणसं दाखवा."

"माणसं म्हणजे?"

"कोण-कोण आलं ते. तुम्हाला ठाऊकच आहे ना नानाय कशी होती. शेजारणीशी कुंपणावरून भांडली, चर्चमधल्या बायकांशी फुलांवरून भांडली. कुणी आलंच नाही आणि ती एकटीच गेली असं झालं तर... मला झोप लागायची नाही. कोण आलं होतं तेवढं मला बघायचंय."

मी हो म्हटलं. गावातली मानांग फे जेद्दालाच नर्स होती, रजा संपवून शनिवारी परत चालली होती. तिची व्हॅन बाराला निघायची. डिस्क तिच्या बॅगेतून जाणार होती. पुढचं कुणी तिकडे जाणार ते थेट नाताळनंतर.

मयताच्या जागरणाचं शूटिंग बाल्डोनं जुन्या टेपच्या कॅमेऱ्यानं केलं होतं. दफनाला मात्र त्यानं नवा कॅमेरा मिरवला, जपानहून आलेल्या जुन्या मालातून घेतलेला, कार्डावर चित्र साठवणारा. शुक्रवारी सकाळी मी सगळं जोडलं आणि डिस्कसाठी फाइल तयार करायला लावली. त्रेचाळीस टक्क्यांवर सॉफ्टवेअरची खिडकी नाहीशी झाली. आवाज नाही, चूक सांगणारी पाटी नाही, काही नाही. मागे बाल्डोनं लावलेलं कोंबड्याचं चित्र तेवढं उरलं.

परत लावलं. त्रेचाळीस. मशीन बंद करून चालू केलं. त्रेचाळीस. सॉफ्टवेअर उपटून पुन्हा घातलं, त्यात दुपार गेली. त्रेचाळीस. मग मी चित्रपट मधोमध कापला. जागरणाचा भाग एकटा लावला तर सुरळीत पार पडला. दफनाचा भाग लावला की पहिल्याच मिनिटाला राम म्हणायचा. म्हणजे दुखणं नव्या कॅमेऱ्याच्या फाइलीत होतं. एक गठ्ठा काढला तर आवाज आला, चित्र काळं. दुसरा काढला तर चित्र आलं, पण सगळी माणसं हिरवी, आणि खालून वर सरकणारी. दोन्ही ठेवले तर एकाच ताटावर दोन वाढपी तुटून पडावेत तसं व्हायचं आणि ताटच उलटायचं. आणि एक काढला की दुसऱ्याचे तुकडे मागे राहायचे. भांडी घासल्यावरही राहणाऱ्या तेलाच्या थरासारखे.

दुकानात दुसरा कॉम्प्युटर होता, पण तो ओळखपत्राचे फोटो छापतानाही धापा टाकायचा.

शनिवारी सकाळी साडेदहाला बाल्डो आला. दातात काडी.

"काय गं ल्योनी, कालपासून एक म्हातारी तुला पुरता येईना?"

"तुमचे कोंबडे वाटेत बसलेत, मानोंग. किती वेळा सांगितलं, या मशीनवर ते गठ्ठे टाकू नका म्हणून."

"माझं मशीन, माझे कोंबडे." त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहिलं. व्हिनेगरचा भपकारा आला. "बाराला व्हॅन आहे ना? मग मिस पालोमारचं दफन घाल."

मला आधी कळलंच नाही.

"जुलैमधलं. टेपवर आहे की. तेच कबरस्तान, तोच फादर, एकाच दुकानातली पांढरी शवपेटी. तेव्हाही पाऊस, आताही पाऊस. छत्रीखालचा माणूस कोण ओळखतो?"

"ती दुसरी बाई आहे, मानोंग!"

"मग काय, ती तक्रार करायला येणार आहे?" त्यानं काडी या गालातून त्या गालात नेली. "पेटी बंद आहे. तोंडं दिसतील ते तुकडे घेऊ नकोस, झालं. नाहीतर सांग त्या पोरीला, तुझ्या आईचं दफन नाही म्हणून. सांगतेस? हा घे फोन."

मी फोन घेतला नाही. ही गोष्ट सांगताना मी सगळी घाण बाल्डोच्या अंगावर टाकू शकते, आणि पुष्कळ दिवस टाकलीही. पण टेप मशीनमध्ये घातली ती मी. नऊ वर्षांत माझा हात चांगला बसला होता, आणि त्या दिवशी तर तो फारच छान चालला. छत्र्यांची रांग मागून घेतली. पाठी घेतल्या, चिखलातले पाय घेतले. मृतानं पोरांच्या स्वप्नात येऊ नये म्हणून लहानग्यांना पेटीवरून या हातातून त्या हातात देतात; त्यातली एक मुलगी पाठमोरी होती, ती घेतली. भिंतीतल्या कप्प्यात पेटी सरकते, गवंड्याचा हात थापीनं सिमेंट लावतो, तेही घेतलं. मिस पालोमार चाळीस वर्षं मास्तरीण होती, अर्धं गाव आलं होतं. चौदा मिनिटं भरली, ती नानायच्या जागरणामागे जोडली. फाइल शंभर टक्क्यांपर्यंत एकदाही न अडखळता गेली.

डिस्कवर मी नाव लिहिलं, नानाय उर्बाना. पावणेबाराला मानांग फे घेऊन गेली. मी मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि मग जेवायला बसले. भात गेला नाही.

सोमवारी बाल्डो कोंबड्यांच्या मैदानावर गेला. मी दाराला कडी घातली आणि मशीनमधले सगळे गठ्ठे काढले. नुसते काढले नाहीत, फोल्डर उघडून त्यांचे एकेक तुकडे वेचून फेकले. मग नव्या कॅमेऱ्याचं खोकं उघडलं. तळाशी कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडी होती. त्या कॅमेऱ्याचा स्वतःचा कोडेक, एकटा, नेमका. पाकिटावरचं सेलोफेनसुद्धा फाटलेलं नव्हतं. त्यानं ती उघडलीच नव्हती. अर्ध्या तासात नानाय उर्बानाचं दफन माझ्यासमोर चालू झालं, रंग जागच्या जागी, माणसं माणसांच्या रंगाची.

पावसात एक ताडपत्री. तिच्याखाली मोजून अकरा माणसं. फादर घाईत होता, पानं ओली होऊ नयेत म्हणून पुस्तक छातीशी धरून बोलत होता. गवंडी आलाच नव्हता. बराच वेळ सगळे कबरस्तानाच्या फाटकाकडे बघत उभे होते. मग नेरिसाचा भाऊ एलिसेओ यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बादलीत सिमेंट कालवलं आणि हातानंच लावायला घेतलं. थापी नव्हती. त्यानं तळव्यानं एकेक फट बुजवली, मध्येच थांबून बाहीनं नाक पुसलं, पुन्हा लावलं. शेवटी खिळ्यानं ओल्या सिमेंटवर आईचं नाव कोरलं. एक अक्षर चुकलं तर अंगठ्यानं पुसून परत लिहिलं. आणि बाल्डो, कॅमेरा धरून, या सगळ्यात चक्क जांभई देत होता. ती ऐकू येते.

बाल्डो परतला तेव्हा मी त्याला दाखवलं.

"छे! ही गेली नाही तेच बरं," तो म्हणाला. "अकरा डोकी! पोरगी रडून मेली असती. तिकडे गर्दी पोचलीय, खूश होईल. तू कशाला आता ओकाऱ्या काढतेस?"

मला त्याची किळस आली, आणि तेवढ्यात असं लक्षात आलं की मला जरा हायसंही वाटलंय. तो जे म्हणाला ते मला म्हणायचंच होतं. खरी डिस्क मी बनवली, माझ्या बॅगेत टाकली, आणि दोन आठवडे ती बॅगेत घेऊन हिंडले. बाजारात जाताना ती माझ्या सुक्या मासळीशेजारी असायची.

मग नेरिसाचा फोन आला. मीच उचलला.

"मानांग! अहो, किती माणसं हो! छत्र्यांमुळे तोंडं दिसली नाहीत, पण मी तर मोजायचीच सोडून दिली. इथल्या आमच्या खोलीतल्या सगळ्या बायकांना दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझी आई म्हणजे कुणी मोठी बाई होती की काय!"

"हो," मी म्हटलं.

"आणि ती छोटी, जिला पेटीवरून पलीकडे दिली, ती कुणाची? आमच्यात एवढं लहान कुणी नाही. शेजारणीची नात असणार ना? म्हणजे शेजारीण आली! कुंपणाचं सगळं विसरून आली. मी खूप रडले, मानांग, पण बरं वाटून रडले."

खरं सांगायचं नव्हतं मला. मनात म्हटलं, राहू दे, हिला झोप लागतेय ना.

"फक्त एलिसेओचं तोंड बघायचं नाही मला आता."

"का गं?"

"खोटारडा! मला फोनवर सांगतो, कुणी आलं नाही, ताई, दहा-अकरा माणसं. वर सांगतो गवंडी आला नाही, मीच सिमेंट लावलं, मीच नाव लिहिलं. बघा की! आई गेली तरी ह्याला स्वतःचीच बढाई. मी म्हटलं, हात दिसले मला, थापी धरलेले, बोटात अंगठी होती, तुझे नव्हते ते हात. तो आधी भांडला. मग गप्पच झाला. मी सांगून टाकलं, आई संपली तसा तूही संपलास, परत फोन करू नकोस. नाही केला त्यानं."

दुकानाच्या दारात बाल्डो कातडी कुरकुरवत उभा होता. त्यानं बोटं चाटली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, की बोलू नकोस. मी पाठ फिरवली.

"इंदाय, पोरी," मी म्हटलं, "तुझा भाऊ खरं बोलतोय."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मशीन कसं बंद पडत होतं, कोंबड्यांच्या फाइली, बाराची व्हॅन. सांगताना ते ऐकायला किती हलकट वाटतंय ते मलाच कळत होतं. एखाद्याच्या आईच्या जागी दुसरी बाई, का, तर कॉम्प्युटर अडला म्हणून. मानोंगनं सांगितलं म्हणून असं मी म्हटलं नाही. माझ्या हातांनी घातलं असं म्हटलं. मागे बाल्डोनं शिवी दिली आणि कातडीची पिशवी टेबलावर आपटली.

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. कुणीतरी अरबीत तिला हाक मारली.

"मग मी रडले ती कुणासाठी?" तिनं विचारलं.

"मिस पालोमार. प्राथमिक शाळेत शिकवायच्या."

"मी तिच्यासाठी नऊ दिवस प्रार्थना केली. गुडघ्यांवर."

"हो, इंदाय."

"आणि नानायला?"

"अकरा जण."

परत हाक आली, या वेळी जोरात. नेरिसानं फोन तोंडाजवळ धरला असावा, तिचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता.

"मला त्यांची नावं सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा."

मी एलिसेओपासून सुरुवात केली.