काठी आत्याच्या हाती

माझे थोरले बंधू रुकुद्झो यांच्या निधनास एक वर्ष पूर्ण झाले, त्या दिवशी बुहेरा येथील आमच्या अंगणात त्यांची विधवा चेनेसाई हिच्या भवितव्याचा निर्णय व्हावयाचा होता. आमच्या रीतीप्रमाणे विधवेने पतीची काठी ज्या दिराच्या हाती द्यावी, त्याची ती पत्नी होते. दीर नको असल्यास काठी स्वपुत्रास द्यावी अथवा नणंदेस. मग काठी घेणारा नावापुरता तिचा पती ठरतो, आणि ती मुलांसह त्याच घरी राहते.

चेनेसाईचा विचार पुत्रास देण्याचा होता. परंतु सकाळी नाचणीची दारू गाळताना आमची थोरली भगिनी मुचानेता, आमची अक्का, हिने तिला समजावले, की पोर लहान आहे, त्याच्या हातची काठी दीर सहज हिसकावतील.

"माझ्याकडे दे. मग तुझ्या उंबऱ्याला कोण शिवतो ते बघते मी."

अक्का म्हणजे आमच्यात पित्याच्या मानाची. पुरुषांत खुर्चीवर बसणारी. चेनेसाईने गुडघे टेकून, हळू टाळ्या वाजवीत आभार मानले. मी जवळच लाकडे फोडीत होतो. अक्काचा खरा हेतू मला ज्ञात होता. परंतु गेल्याच महिन्यात चेनेसाईने मला नकार दिला होता, म्हणून मी मौन धरले.

दुपारी काठी प्रथम भूमीवर ठेवण्यात आली. वर्षभर परपुरुषापासून दूर राहिलेली विधवाच ती ओलांडू धजते. चेनेसाईने ती निर्भयपणे ओलांडली. तदनंतर काठी उचलून ती आम्हा भावांसमोरून गेली, माझ्यापाशी क्षणभरही न थांबता, आणि अक्कापुढे गुडघे टेकून तिने ती अर्पण केली.

अक्काने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"म्हणजे आता मी तुझा नवरा, खरं ना?"

"होय, वन्सं."

"नवऱ्याला कुणी वन्सं म्हणतं का गं?"

सर्व हसले. चेनेसाईसुद्धा हसली.

"मग नवरा सांगतो ते ऐक. माझा भाऊ मरत होता, तेव्हा त्याला झोपू दे म्हणून तू मला दाराबाहेर काढलंस. आता तू नीघ." आणि आमच्यात ज्याने काडीमोड होतो, ते नाणे तिने चेनेसाईच्या तळहातावर ठेवले.

"आणि पोरं?"

"पोरं बापाची. बाप हा इथं बसलाय." अक्काने काठी स्वतःच्या छातीला टेकविली.

चेनेसाई माझ्याकडे वळली. "भाऊजी, सकाळी तुम्ही तिथंच होता."

"मी लाकडं फोडत होतो," मी म्हणालो.

सूर्यास्तापूर्वी ती डोक्यावर भांडी घेऊन निघाली. तिची धाकटी मुलगी शुवाई मागे धावली, तोच अक्काने हाक मारली.

"शुवाई, पाणी आण. बाबांना हात धुवायचेत."

मुलगी थबकली. मग ती पाणी घेऊन आली आणि गुडघे टेकून अक्काच्या हातांवर ते सावकाश ओतू लागली. चेनेसाई फाटकापाशी उभी राहून पाहत होती. एक थेंबही भलतीकडे सांडला नाही. आईने तिला तसेच शिकविले होते.