वजन वाढलं तर

सिस्टरने फोन लावला तो रीत म्हणून. घरी सोडलेल्या पेशंटची काही दिवसांनी चौकशी करायची, हे वॉर्डातलं त्यातल्या त्यात हलकं काम. शिवाय हे पेशंट म्हणजे तिचे शाळेतले गणिताचे सर. अख्खी शाळा त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणायची. हृदय थकलं, अंगात पाणी साठलं म्हणून दाखल झाले, पाणी निघालं आणि जाताना तिला "काय गं, शेवटचा बाक" अशी हाक मारून गेले. एवढी तोफ धडधडतेय म्हटल्यावर काळजी कसली, असं ती धरूनच चालली होती.

फोन सरांच्या बायकोने, काकूंनी उचलला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, छान आहेत. चांगलं अंग धरलंय. तू सांगितलंस तसं रोज सकाळी वजन करतो आम्ही. रोज वाढतंय बघ, तीन किलो झालं. तुमच्याकडून आले तेव्हा नुसता सापळा होता."

सिस्टरने मनात दिवस मोजले. इतक्या थोड्या दिवसांत तीन किलो मांस चढत नाही. चढतं ते पाणी.

"काकू, झोप कशी आहे त्यांची?"

"झोपतात खुर्चीतच. आडवं झालं की दम लागतो म्हणे. आणि चपला घट्ट व्हायला लागल्यात. मी म्हटलं, चला, पायसुद्धा भरले."

"काकू, मी गाडी पाठवतेय. तयारीत वेळ घालवू नका. त्यांना चालवू नका, जिना तर अजिबात नको."

"अगं, पण वजन तर..."

"ते आल्यावर सांगते."

वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी ॲम्ब्युलन्स पाठवली, ऑक्सिजन तयार ठेवायला सांगितला, आणि मग एकच विचारलं, "सोडताना वदवून घेतलं होतंस?"

झालं. वदवून घेणं हा त्यांचा वॉर्डातला कायदाच होता. आपण काय सांगितलं याला किंमत नाही; घरी जाऊन काय करणार ते पेशंटने आपल्या तोंडाने सांगायचं. सिस्टर सगळ्यांकडून वदवून घ्यायची. फक्त सरांकडून नाही. तोफेला 'आता तुम्ही सांगा' म्हणायला जीभच रेटली नव्हती. "रोज सकाळी वजन करा, पाणी वाढलं तर कळवा. कळलं ना, सर?" एवढंच ती म्हणाली. सरांनी ऐटीत मान हलवली, आणि सुटले बुवा म्हणत ती पुढच्या खाटेकडे वळली. खरं तर हीच मुलगी सरांच्या वर्गात 'कळलं?' म्हटलं की सगळ्यात मोठ्याने 'हो सर' ओरडायची, आणि तिला ओ की ठो कळलेलं नसायचं. त्या 'हो'ची किंमत तिच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

मग वाट बघणं. दारात चाकं वाजली की ती वळून बघायची, तर जेवणाची गाडी. जिन्यातच काही झालं तर? काकू एकट्या काय करतील? एका पेशंटची गोळी तिने तीनदा तपासली, कारण तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता.

सर आले ते स्ट्रेचरवर ताठ बसून. ओठ निळसर, तोंडातून एकावेळी एकच शब्द. ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. लघवीच्या पिशवीकडे एवढ्या आशेने कुणी कधी पाहिलं नसेल. पिशवी भरायला लागली तशी संध्याकाळपर्यंत सरांची धाप कमी झाली. पहिलं सबंध वाक्य निघालं ते असं, "हा मास्क वाकडा लावलायस." सिस्टर बाथरूममध्ये जाऊन रडली.

पुन्हा घरी सोडायची वेळ आली तेव्हा ती स्टूल ओढून समोर बसली.

"सर, घरी वजन वाढलं तर काय करणार? तुमच्या शब्दांत सांगा."

"परीक्षा घेतेस माझी?"

"माझी आहे, सर. मी नीट सांगितलं की नाही याची."

सरांनी घसा साफ केला. "वजन वाढलं, तर जेवण कमी करायचं."

आजही नुसती मान बघून उठली असती तर?

"नाही, सर. वाढतं ते पाणी, जेवण नव्हे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की त्याच दिवशी मला फोन. पाय सुजले, आडवं झोपवेना, तरी फोन. आता सांगा."

या वेळी सरांनी बरोबर सांगितलं. मग पांघरूण सारखं करत म्हणाले,

"जन्मभर वर्गात 'कळलं का' विचारलं मी. सगळे हो म्हणायचे."

"मी सगळ्यात मोठ्याने, सर."

सर हसले, हसताना खोकले. सिस्टरच्या जिवात जीव आला. ती उठली.

"ऐक ना," कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या काकू हळूच म्हणाल्या. "काटा मीच वाचते. ह्यांना वाकून दिसत नाही. गोळ्याही मीच देते. मागच्या वेळी ह्यांनी मान हलवली म्हणून मीही हलवली. पण मला नाही कळलं गं. पाणी चढलं आणि अंग भरलं, हे काट्यावर वेगळं कसं ओळखायचं?"

सिस्टरने स्टूल उचललं आणि काकूंच्या समोर नेऊन ठेवलं.