घरच्यांना नाही

अक्काचा भाऊ प्रवचनाला उभा राहिला की ऐकणाऱ्यांचे हात आपसूक खिशाकडे जात, असं त्याच्या जिभेत बळ होतं. भुकेल्याला जेवू घालणं हे आपल्यावरचं देवाचं देणं आहे, उपकार नव्हे, असं तो सांगे. आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. प्रार्थनेच्या सभागृहामागच्या जुन्या गोदामात त्याने अन्नछत्र काढलं होतं आणि स्वतःची मिळकतही त्यातच ओतली होती. सगळे त्याला दादा म्हणत. अक्का थोरली, म्हणून त्याला अरे-तुरे करणारी ती एकटीच उरली होती. सकाळपासून त्या गोदामात मोठ्या पातेल्यांपुढे घाम गाळायची तीही तीच.

अन्नछत्राचा एक नियम होता. आधीच्या कारभाऱ्याने आपलं अख्खं सासर तिथे आणून पोसलं होतं, तेव्हा दादाने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की माझ्या घरच्यांना इथलं शीतही मिळणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. असा माणूस शोधून सापडायचा नाही, असं जो तो म्हणू लागला. मग दादालाही ते खरंच वाटू लागलं.

त्या दुपारी अक्का भाताचं पातेलं उतरवत होती, तेव्हा वाढायच्या खिडकीपाशी रांग अडल्याचं तिला जाणवलं. पुढची बाई हलेना, मागचे कुरकुरू लागले. अक्काने मान वर करून पाहिलं, तर डबा घेऊन उभी होती धाकटी, त्यांच्या सर्वांत लहान भावाची बायको. भाऊ अपघातात जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. धाकटीचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते. लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करणं जमेना, म्हणून मालकाने तिला घरी बसवलं होतं.

"तुम्हाला नाही देता येणार, ताई," वाढणारा कारभारी हळू आवाजात म्हणाला. "दादांचा नियम आहे."

"मी कालपासून काही खाल्लेलं नाही," धाकटी म्हणाली.

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा तिथेच होता, पाहुण्यांना गोदाम दाखवत होता. धाकटीला पाहून त्याचा चेहरा पडला, पण पाहुण्यांसमोर त्याने लगेच सावरून घेतलं.

"इथे नको. घरी ये, बघू आपण," तो म्हणाला.

"घरी आले होते, दादा. दर वेळी तुम्ही प्रवचनाला गेलेले. अक्का इथे. दाराला कुलूप."

"मला का नाही सांगितलंस?" अक्काने विचारलं.

"तुम्हाला सांगून काय होणार होतं? घरातलं सगळं तर इथेच येतं."

खरंच होतं ते. घरच्या डब्यांचे तळ अक्कानेच खरवडून इथे आणले होते, आणि आपण मोठं पुण्य करतोय अशा थाटात आणले होते. तिला स्वतःचाही संताप आला. तिने डाव उचलला आणि धाकटीचा डबा ओढून घेतला.

"अक्का, सगळे बघतायत," दादा दातांवर दात ठेवून म्हणाला. "आज हिला दिलं, तर उद्या लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. तुझ्या भावाचं मूल आहे तिच्या पोटात."

"मला सगळे सारखे."

"सारखे कुठले? बाकीच्यांना तू वाढतोस. ही तेवढी उपाशी राहायची, म्हणजे तुझी पाठ थोपटली जाते."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. कारभाऱ्याने मान खाली घातली. अक्काने डबा भरला नाही. तिने डाव पातेल्यात टाकला, पदराला हात पुसले आणि धाकटीचा हात धरून ती बाहेर पडली. वाटेत तिने वाण्याकडून पिशवीभर सामान उधार घेतलं. वाण्याने नाव विचारलं, तेव्हा तिने दादाचं नाव ठणकावून सांगितलं.

दादा घरी आला तेव्हा धाकटी त्याच्याच खुर्चीवर बसून जेवत होती. घाईने खाल्ल्यामुळे तिला ठसका लागत होता आणि अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दादाने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"माझं ताट?"

"तुला नाही," अक्का म्हणाली. "गोदामात जा, रांगेत उभा राहा."

"काहीतरीच काय? मला कोण देणार तिथे?"

"का नाही देणार? भुकेला आहेस ना?"

प्रवचनात त्याला कधी शब्द अडत नसे.

धाकटीने ताट थोडं त्याच्याकडे सरकवलं. "घ्या दादा, दोघांना पुरेल."

"खबरदार," अक्का म्हणाली.

"असू दे हो. उपाशी पोटी कसं होतं, मला ठाऊक आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच दादाला सोसवेना. त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. अक्काने ताट पुन्हा धाकटीपुढे ओढलं, त्यात अजून भात वाढला आणि म्हणाली, "तू जेव. त्याला बघू दे."

दादा उभा राहून बघत राहिला.