नियमाने पडणारा पडदा

मी या शहरातला सगळ्यात मोठा कलावंत बोलतोय! माझ्यावाचून इथलं एकही नाटक सुरू झालं नाही की संपलं नाही. आता मोठा म्हणजे काय, तर लांबी-रुंदीने. मी सरकारी नाट्यगृहाचा पडदा आहे. मखमली म्हणवून घेतो, पण पाठीमागून बघाल तर निव्वळ मांजरपाट. शिक्षण म्हणाल तर एकदा शाळेच्या गॅदरिंगला उसना गेलो होतो, तेवढंच.

पण सरकारं बघावीत तर मीच. मागच्या सरकारला वाटायचं, कला म्हणजे कष्टाचा जयजयकार. मग प्रत्येक नाटकाच्या शेवटी मूठ वळून एक मजूर यायचाच. नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक असलं, तरी खिडकीतून यायचा बिचारा. नव्या सरकारला वाटतं, कला म्हणजे वैभवाचं गुणगान. आता त्याच खिडकीतून राजा येतो. मुकुट चौकटीला अडकतो, एवढाच फरक.

सांस्कृतिक खात्याचे साहेब मात्र तेच राहिले. खिशावरचा बिल्ला तेवढा बदलला. मत बदलायची वेळ आली नाही. त्यासाठी आधी असावं लागतं.

साहेबांची थोरली बहीण, ताई, नाटकं लिहिते. राजाचा झगा शिवणाऱ्या उपाशी शिंप्याचं नाटक तिने लिहिलं. मागच्या सरकारने त्यातला राजा कापला. शिंपी हवेचीच मापं घेत बसला. या सरकारने राजा परत दिला, पण ‘मजूर’ आणि ‘भूक’ हे शब्द वर्ज्य. शिंपी आता पोट धरून म्हणतो, “आज जरा हलकं हलकं वाटतंय!”

तालमीला साहेब पहिल्या रांगेत. नको तो शब्द आला की ते रुमाल हलवायचे आणि दोरीवाले काका मला धाडकन खाली सोडायचे. ताईने वाक्य बदललं की मी वर. नटांपेक्षा माझंच काम जास्त! शेवटी साहेबांचा खांदा भरून आला.

“काका, रुमालाची वाट बघू नका. शब्द ऐकला की सोडा.”

“कुणाच्याही तोंडून आला तरी?”

“नियम म्हणजे नियम!”

आज पहिला प्रयोग. त्याआधी मंत्रिमहोदयांचं भाषण. छाती फुगवून म्हणाले, “मजुरांची भूक आम्हीच...”

धाडकन मी खाली! समोर टाळ्यांचा कडकडाट. मागे मंत्री मला चाचपडतायत, फट काही सापडत नाही. वाट दाखवली असती हो, पण गुदगुल्या होतायत.

विंगेत साहेब घामाघूम. “ताई, तुझे पाय धरतो. पडदा कुजलाय, आपोआप पडला, असं तू सांग त्यांना. उद्याच त्याची फडकी करतो. आणि तुझं नाटक, जसं लिहिलंस तसं, आत्ताच्या आत्ता पास!”

वाचकहो, झालं माझं! जिच्या नाटकाचे असे लचके तोडले, ती माझ्यासारख्या चिंधीसाठी हे सोडेल? उद्या एखाद्या साहेबाचं टेबल पुसताना दिसलो, तर निदान ओळख दाखवा.

ताईने माझी किनार हातात धरून ताणून बघितली.

“बाळ्या, पडदा धडधाकट आहे. तू आत जा आणि त्यांचं वाक्य बदलून घे. माझी इतकी घेतलीस, त्यांचं तर एकच आहे.”