एक कान उघडा

गाण्यात एक लांब स्वर होता आणि दरवेळी तो मध्येच कोसळत होता.

“मी सरळच गातेय हो,” स्टुडिओच्या काचेपलीकडून वहिनी म्हणाल्या. “तोच मधूनच खाली उडी मारतोय.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” संगीतकार काचेच्या अलीकडे पुटपुटला. मग ध्वनिमुद्रकाकडे वळला. “तुझ्या वहिनी म्हणून इतका वेळ थांबलो. आवाज गेलाय त्यांचा. दुसरीला फोन करतो.”

संसारापायी सुटलेले गाणे वहिनींना मुले मोठी झाल्यावर पुन्हा मिळाले होते. हे गाणे हातचे गेले, तर त्या परत माइकसमोर उभ्या राहणार नाहीत, हे ध्वनिमुद्रक जाणून होता. पण दयेने स्वर सरळ होत नाहीत. त्याने पडद्यावर दुरुस्तीपूर्वीच्या आवाजाची रेघ पाहिली. स्वर खरोखरच घसरत होता. गाण्याला हवा होता यांत्रिक, पायरीपायरीने चढणारा आवाज. त्यासाठी सूर दुरुस्त करणारे यंत्र प्रत्येक स्वर क्षणात जवळच्या सुराच्या पायरीवर बसवी. घसरण अर्ध्या पायरीपलीकडे गेली, की त्याला खालची पायरी जवळची वाटे आणि आवाज अत्यंत अचूकपणे चुकीच्या जागी जाऊन बसे.

वहिनींनी हेडफोन काढला, पाण्याचा घोट घेतला आणि तीच ओळ स्वतःशी गुणगुणल्या. माइक चालूच होता. पडद्यावर रेघ उमटली, पट्टीने ओढावी तशी सरळ.

गळा तोच, ओळ तीच. फरक फक्त हेडफोनचा. ध्वनिमुद्रकाच्या आता लक्षात आले. वहिनींना धीर यावा म्हणून दुरुस्त झालेला आवाजच त्याने त्यांच्या कानात सोडला होता. गळ्याला सावरतो कान, आणि त्या कानाला तो सकाळपासून सगळे ठीक असल्याचे सांगत होता, अगदी स्वर कोसळेपर्यंत.

“अंगण खरंच वाकडं आहे,” तो म्हणाला, “आणि ते मीच केलंय. फोन नंतर कर. एकदा ऐक.”

त्याने हेडफोनमधली दुरुस्ती बंद केली. वहिनी दोन शब्द गाऊन थबकल्या.

“भावजी, हा कुणाचा घोगरा आवाज सोडलात?”

“तुमचाच, वहिनी.”

“अगं बाई! आणि सकाळपासून मी स्वतःवर खूश होते!”

आधी त्या डळमळल्या. मग कानाची आणि गळ्याची जुनी ओळख पटली आणि रेघ शेवटपर्यंत टिकली. संगीतकाराचा फोन हातातच राहिला.

“ठीक आहे,” तो नाइलाजाने म्हणाला, “पण सरळ स्वरात यंत्र ऐकूच येत नाही, आणि यंत्राचा आवाज मला हवाच.”

“मग द्या की एका कानात,” वहिनी म्हणाल्या. “दुसरा मी उघडा ठेवते.”

या वेळी त्यांनी लांब स्वर मुद्दाम पायरीच्या कडेपर्यंत सरकवला. यंत्राने खाली उडी मारली, ती नेमकी तालाच्या ठोक्यावर.

संगीतकाराने फोन खिशात घातला. “हे... हे पुन्हा जमेल?”

“आता जमेल,” वहिनी म्हणाल्या. “आता मी कुठे पडते, ते मला ऐकू येतं.”