सातवा ठोका

मित्रांनो, मी एक जुना गज आहे, आणि तोही आता अर्धाच उरलेला. कापड मोजायचा गज नव्हे बरं! ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी ठासून बसवायला जी लांब काठी लागते, तो गज. लोक बंदुकीचं कौतुक करतात, नेमाचं करतात; गजाला कोण विचारतो? पण मी नसलो तर ती बंदूक म्हणजे चुलीपुढची फुंकणीच.

चांद्याच्या गुलाम रसूल मिस्त्रींनी मला तिवसाच्या चिवट लाकडातून तासलं आणि टोकाला पितळेची बोंडी बसवली. नळीखाली दोन कड्या होत्या, तेच माझं घर. नथ्थूच्या हाती बंदूक देताना मिस्त्रींनी एकच गोष्ट बजावली. बार भरला की आधी गज कड्यांत जायचा, मग घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी लावायची, आणि त्यानंतरच चाप ओढायचा. नथ्थूनं मान डोलावली.

नथ्थू कुरखेड्याजवळच्या खेड्यातला, धान पिकवणारा. रानडुकरांपासून शेत राखायला त्याला बंदुकीचा परवाना मिळाला होता. नेम असा की डोळ्यांमधोमध गोळी. डुक्कर तंगड्या झाडत कोसळायचं, चिखलात रक्ताचं थारोळं व्हायचं, आणि त्याची किंकाळी गावापर्यंत जायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला अभिमान वाटायचा.

पण नथ्थूचा हात भारी सावकाश. एक बार सुटला की दुसरा भरेपर्यंत बाकीची डुकरं बांध ओलांडून पसार. त्याचा साळा लटारू, म्हणजे बायको वच्छलाचा धाकटा भाऊ, गावातच राहायचा, आणि थट्टेची एक संधी सोडायचा नाही. दसऱ्याला तर त्या थट्टेला ऊतच यायचा. त्या दिवशी गावात बंदुकांची पूजा होई आणि मग पैज लागे. बांबूला तीन कोहळे टांगायचे. जो तिन्ही आधी फोडेल त्याला गुणवंतराव लाल फेटा बांधायचे. गुणवंतरावांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली होती, पण फेट्याचा मान अजून त्यांच्याच हातचा होता. नथ्थूचा एकही बार वाया जायचा नाही, पण त्याचा दुसरा कोहळा फुटेपर्यंत फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर चढलेला असायचा.

"नथ्थूभाऊ," एका दसऱ्याला लटारू सगळ्यांदेखत म्हणाला, "तुहा बार भरेपर्यंत डुक्कर धान खाऊन झोपून जाते."

सगळे हसले. नथ्थूही हसला, पण मला धरलेली त्याची मूठ आवळली गेली होती. ते हसू त्याला फार झोंबलं.

दुसऱ्याच दिवसापासून तो सरावाला लागला. वच्छला अंगणात उखळात धान कांडायची, आणि नथ्थू शेजारी उभा राहून तिच्या मुसळाच्या तालावर रिकामी बंदूक भरायचा. आठ ठोक्यांत एक बार. पहिल्याला दारू, दुसऱ्याला चिंधीचा बोळा, तिसऱ्या-चौथ्याला मी आत जाऊन ठासायचो, पाचव्याला गोळी, सहाव्याला पुन्हा मी, सातव्याला मी बाहेर येऊन माझ्या कड्यांत, आणि आठव्याला टोपी. सातवा ठोका माझा होता, मित्रांनो! वर्षभर आम्ही तिघं असे खपलो. नथ्थू डोळे मिटून बार भरू लागला.

तरीही त्याचं समाधान होईना. चोपन्न सालच्या दसऱ्याच्या आधी त्याला एक युक्ती सुचली. कड्यांत घालत बसण्यापेक्षा गज सरळ जमिनीत खुपसायचा, आणि त्याच ठोक्याला दुसऱ्या हातानं टोपी लावायची. आठाचे सात झाले. वच्छलाचं मुसळ वरच्या वर थांबलं.

"माहा सातवा ठोका कुठी गेला?" तिनं विचारलं. "मिस्त्रीनं काय सांगतलं होतं?"

नथ्थू म्हणाला, एका ठोक्यानं काय होते. मला बोलता आलं असतं तर त्याला चांगलं खडसावलं असतं. पण खरं सांगू? दसऱ्याला तिन्ही कोहळे फुटले, लाल फेटा नथ्थूच्या डोक्यावर बसला, लटारूनंच त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, आणि मऊ मातीत ताठ उभा असलेला मी घर विसरून गेलो.

मग मोहाचे दिवस आले. शेजारची रुखमा पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि झाडाखाली अस्वल तिच्यावर आलं. तिला उचलून आणलं तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडी लोंबत होती आणि एक डोळा जागेवर नव्हता. दोन दिवसांनी तेच अस्वल आणखी एकावर धावलं. बायका मोहाकडे फिरकेनात. गाव नथ्थूच्या दारात येऊन उभं राहिलं. फेटेवाल्याला नाही म्हणता येईना. सोबत कुऱ्हाड घेऊन लटारू निघाला.

सकाळी टेकडीच्या उतारावर अस्वल दिसलं. नथ्थूचा बार त्याच्या खांद्यात घुसला, पण ते पडलं नाही. गुरगुरत सरळ आमच्यावर आलं. लटारू आडवा आला. त्याची कुऱ्हाड एकदा बसली, मग उडून पडली. अस्वलानं त्याला खाली दाबलं आणि दातांनी त्याची मांडी धरून ते झटके द्यायला लागलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

नथ्थू बार भरत होता. दारू, बोळा, गज, गोळी, गज. सहा ठोके कसे चोख पडले! मग त्याच्या हातानं मला जमिनीत खुपसलं.

खाली काळा खडक होता. माझी बोंडी ठणकन आपटली. पुन्हा खुपसलं, पुन्हा ठण्ण. पलीकडे लटारू ओरडला, "भाऊ, मार ना!" कड्यांची सवय त्या हातातून कधीच गेली होती. हाताला कुठलंतरी भोक हवं होतं. त्यानं मला नळीच्या तोंडात घातलं, दुसऱ्या हातानं टोपी लावली आणि चाप ओढला.

मी ठासायसाठी जन्मलो होतो, मित्रांनो, उडायसाठी नाही. आगीत न्हाऊन मी बाहेर फेकलो गेलो. अस्वलाच्या मानेत एका बाजूनं शिरलो, दुसऱ्या बाजूनं निघालो आणि लटारूच्या उजव्या खांद्यात घुसून आत मोडलो. अस्वल मेलं. त्याच्या धुडाखाली लटारू माझ्यासकट अडकून पडला होता. नथ्थू नुसत्या हातांनी ते धूड ओढत होता आणि रडत होता.

खाटेवर, मग बैलगाडीत, मग मोटारीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, हात गेला. डॉक्टरांनी काढलेला माझा तुकडा वच्छलानं मागून घेतला. नळीचं तोंड फाटलेली बंदूक नथ्थूनं स्वतः ठाण्यात जमा केली. लाल फेटा त्यानं पुन्हा कधी बांधला नाही.

आता मी वच्छलाच्या अंगणात उखळाजवळच्या खुंटीला टांगलेला असतो. सुरुवातीला ती कांडायची, सहा ठोके घालायची, आणि सातव्याला तिचं मुसळ वर थांबायचं. मुद्दाम नाही, तिचा हातच उतरायचा नाही. मग नथ्थू जिथे असेल तिथे मान खाली घालून थांबायचा.

पावसाळा संपता संपता लटारू पहिल्यांदा कुबडी घेऊन अंगणात येऊन बसला. बहिणीचं मुसळ सातव्याला थांबलं. त्यानं मला पाहिलं, नथ्थूला पाहिलं.

"तुले घाई मीच लावली होती, भाऊ," तो म्हणाला. मग वच्छलाकडे वळून म्हणाला, "पडू दे न बाई तो सातवा."

म्हणून सांगतो, मित्रांनो. काम झालं की वस्तू तिच्या जागी ठेवा, तो वेळ वाया जात नाही. आणि ज्याचा हात सावकाश चालतो त्याला चारचौघांत हसू नका.

त्या दिवशी वच्छलानं डोळे पुसले आणि मुसळ खाली आणलं. त्या ठोक्यासरशी नथ्थू उठला, त्यानं मला खुंटीवरून काढलं, पुसलं, आणि पुन्हा खुंटीवर नीट ठेवलं.