वेन शौछंगचं इंग्रजी

"मागे बघणं म्हणजे सांभाळणं? हे कुठलं इंग्रजी, बाई?" ब्यान न्हाव्यानं विचारलं आणि म्हाताऱ्यांचा अख्खा वर्ग हसला.

रुआन बाई पुन्हा समजावू लागल्या. ‘लुक’ म्हणजे बघणं. पुढे ‘फॉर’ आलं की शोधणं, ‘आफ्टर’ आलं की सांभाळणं.

"बरोबर आहे की," वेन शौछंग म्हणाला. "जन्मभर बस चालवली मी. आरशात मागे बघायचो ते कशाला? म्हातारी नीट बसली का, कुणी दारात लटकतंय का. सांभाळणंच ते."

"घ्या! ड्रायव्हरसाहेबांनी इंग्रजांनाही बसमध्ये कोंबलं," ब्यान म्हणाला.

वेनची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी याचिन लग्न करून वेल्सला गेली. जावई गेथिन भला माणूस, पण त्याची चिनी "जेवलात का?" इथंच संपायची. आता याचिनला दिवस गेले होते. नातवंडासमोर आपण मुक्यासारखं बसायला नको, म्हणून वेननं छांगशा शहरातल्या या वर्गात नाव घातलं होतं.

त्याच संध्याकाळी तो शेवया उकळत असताना फोन वाजला. पडद्यावर गेथिन एकटाच होता.

"याचिन?"

"स्लीपिंग." मग लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "डॅड, वुई लॉस्ट द बेबी."

सगळे शब्द वेनच्या ओळखीचे होते. किल्ली हरवते, छत्री हरवते. पण जन्मालाच न आलेलं मूल हरवेल कसं? घाबरून त्याच्या तोंडून निघालं, "लुक फॉर! यू लुक फॉर!"

गेथिननं तोंडावर हात घेतला. त्याचे खांदे गदगदू लागले.

तेव्हा वेनला कळलं. त्यानं गॅस बंद केला. होतं नव्हतं ते इंग्रजी पळून गेलं. "रड पोरा, रड," तो आपल्याच बोलीत पुटपुटत राहिला. फोन दोघांनीही ठेवला नाही.

थोड्या वेळानं याचिन पडद्यावर आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"बाबा, काय म्हणालात त्याला? मी मोडून पडू नये म्हणून कालपासून कोरड्या डोळ्यांनी वावरत होता."

"चुकीचं बोललो गं, बाळा."

"असू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच त्यानं बाईंना गाठलं. अशा वेळी काय म्हणतात?

"आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस."

"सॉरी म्हणजे माफी ना? कसली माफी मागू?"

"माफी नाही हो. तुमचं दुःख मलाही लागलंय, असं."

वाक्य पाठ झालं, पण छांगशाच्या जिभेला ‘ल’ आणि ‘न’ सारखेच. ‘लॉस’चा दरवेळी ‘नॉस’ होई. ब्याननं सगळं ऐकलं होतं. एरवी त्यानं टिंगल सोडली नसती. आज तो नदीकाठच्या बाकावर वेनशेजारी येऊन बसला.

"मी तुझा जावई. बोल."

"...युवर नॉस."

"जीभ टाळूला लाव. घाई करू नकोस. परत."

वेननं पाठ ताठ केली, श्वास घेतला आणि वाक्य नीट, शेवटपर्यंत म्हटलं. खरंच आपलं कुणी गेल्यासारखी ब्याननं हळूच मान खाली घातली.